श्रीनिवासचे सैनिक

काशीत मंगला गौरीच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मृणालिनी आणि तिची आई पद्माबाई अशा दोघीच राहत. वडील ढुंढिराज मुगलसरायला रेल्वेत गार्ड होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला भाऊ श्रीनिवास इंजिनिअर होऊन पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. मृणालिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिच्यासाठी दक्षिणेकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, दोन-तीन स्थळं आली होती. काशीची मुलगी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरते, असं म्हणून एकाने नकार कळवला. बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. मग वडील आजारी पडले, आणि तो विषय कोणी मिटवला असं न होता आपोआप मिटला.

एक्याऐंशी सालच्या दिवाळीत माळा साफ करताना तिला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा सापडला. आत श्रीनिवासचे प्लास्टिकचे सैनिक होते. त्याच्या लहानपणी वडील ते कलकत्त्याहून येणाऱ्या एका सहकाऱ्याकडून थोडे थोडे मागवत. अर्धे हिरवे, अर्धे राखाडी. कोणी गुडघ्यावर बसून नेम धरलेला, कोणी पोटावर सरपटणारा, कोणी पाठीवर वायरलेसचं खोकं घेतलेला. या फौजेचा सेनापती श्रीनिवास. मृणालिनी पाच वर्षांनी लहान, त्यातून मुलगी, म्हणून तिला लढाईत घेत नसत. एखाद्याच्या बंदुकीचं टोक मोडलं, पायाखालची पट्टी तुटली, की तो सैनिक तिच्याकडे यायचा. ती त्याला चिंधीत गुंडाळून काड्यापेटीत निजवायची. मोडलेली जागा तिने दोरा गुंडाळून नीट केली की श्रीनिवास त्याला परत न्यायला मात्र कधी विसरत नसे.

भंगारवाल्याला देऊन टाक, असं पद्माबाई खालून म्हणाल्या. मृणालिनीने डबा उतरवला, सैनिक साबणाच्या पाण्यात धुतले आणि माकडांच्या भीतीने जाळीच्या आत, खिडकीशी वाळत घातले. दुपारच्या उन्हात तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे जवळून पाहिलं. काहींचे चेहरे साच्यातून फार सुबक उतरले होते. भुवया होत्या, घट्ट मिटलेले ओठ होते. फक्त डोळे उघडायचे राहिल्यासारखे दिसत होते. तिने शाळेच्या नकाशांसाठी आणलेले रंग काढले आणि एकाचे डोळे रंगवले. दुसऱ्या दिवशी तो रंग पावडरीसारखा गळून गेला.

तिथून तिला नाद लागला. सायकली रंगवायला वापरतात तो तैलरंग तिने बांसफाटकाच्या दुकानातून लहान डब्यांत आणला. तो बसायचा, पण सैनिकाचं मऊ प्लास्टिक जरा वाकलं की तडकायचा. बरेच खराब केल्यावर तिला युक्ती सापडली. आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मग वर रंग. खोजवाँला लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका कारागिराकडून तिने खारीच्या केसांचे ब्रश मिळवले. डोळ्यांसाठी शिवणाची सुई वापरायची. पावसाळ्यात गंगेवरून दमट हवा आली की एकेक सैनिक वाळायला आठवडा घ्यायचा. रविवारी सकाळी स्वयंपाक आटपला की ती खिडकीशी बसे, आणि आईने हाक मारली की पहिल्या हाकेला तिला ऐकू येत नसे. एरवी असं कधी होत नसे.

ती जे चेहरे रंगवत होती ते कुठून येत होते, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी ती बावीस वर्षांची होती. पूर्वेकडे जाणाऱ्या फौजेच्या गाड्या मुगलसरायला थांबायच्या. काशीहून बायकांचा एक गट फलाटावर चहा आणि पुरी-भाजी घेऊन जायचा. वडील गार्ड म्हणून तिला त्या गटात जायला मिळालं. गाडी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे आणि हातांमागून चेहरे. तिच्याच वयाची पोरं होती. कोणाचं नाक उन्हाने सोललेलं, कोणाच्या डोळ्यांत झोप मावत नव्हती, कोणाची दाढी अजून नीट फुटलीही नव्हती. एकाने चहा घेताना तिचं नाव विचारलं होतं. दुसरा तिला बहनजी म्हणाला आणि उगाचच लाजला. गाडी सुटायची, पुढची यायची. आयुष्यात तेवढे दिवस तिला वाटलं होतं की आपण एका मोठ्या गोष्टीच्या अगदी जवळ उभ्या आहोत. त्यांतला एकही चेहरा पुन्हा दिसणार नव्हता. दहा वर्षांनी हातात सुई घेतल्यावर ते एकेक करून परत येऊ लागले, आणि तिने त्यांना जसे आठवले तसे उतरवून ठेवले. नव्वद सालापर्यंत सगळे रंगवून झाले. हिरव्यांत आणि राखाड्यांत आता काही फरक उरला नव्हता. तिने ते पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर मांडले आणि भांडीवाल्या महरीला तिथे हात लावायची मनाई केली.

शहाण्णव सालच्या पितृपक्षात श्रीनिवास वडिलांच्या श्राद्धासाठी काशीला आला. बरोबर त्याची बायको मधुरा होती. तो बावन्न वर्षांचा झाला होता. वर्षभरापूर्वी त्याच्या छातीत दुखलं होतं, आणि तेव्हापासून त्याला लहानपणच्या गोष्टी फार आठवायला लागल्या होत्या, असं मधुरा म्हणाली. आल्या आल्या त्याने गल्लीतल्या जुन्या दुकानातून कचोरी-जिलबी आणवली, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरून-चढून आला आणि दम लागल्यावर आईच्या पलंगावर आडवा झाला. पद्माबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. त्यांचा मुलगा सात वर्षांनी घरी आला होता.

जेवायला बसल्यावर त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं. तो उठून, हात धुऊन तिकडे गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मृणालिनीला वाटलं, त्याला आवडलं. ती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. त्याने आपणहून विचारलं की प्लास्टिकवर रंग टिकला कसा. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने त्याला गोंदाची युक्ती सांगितली, सुई दाखवली, आणि हसत म्हणाली, की गोंद असल्यामुळे यांना पाण्यापासून जपावं लागतं. गरम पाण्यात पडले तर सालीसारखा सगळा रंग निघून यायचा, म्हणून महरीला इकडे फिरकू देत नाही. मधुराही उठून आली. एक सैनिक हातात घेऊन म्हणाली, किती जिवंत वाटतात हो, मृणालताई. श्रीनिवास फक्त हं म्हणाला. मग त्याने सांगितलं की पुण्यात त्याचा सुमंत नावाचा एक मित्र जुनी खेळणी जमवतो आणि त्याच्या घरी गेल्यावर त्याला या सैनिकांची फार आठवण आली. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलं आहे, असंही तो म्हणाला. मृणालिनीने त्या बोलण्याचा अर्थ लावला नाही. तिला वाटलं, एखाद-दोन मागेल. कोणते द्यावेत याचा ती झोपेपर्यंत विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत सहामाही परीक्षा होती. ती दुपारी उशिराने घरी आली तेव्हा गच्चीवरून पाण्याचा आवाज येत होता. वर गेली तर श्रीनिवास बाह्या सारून स्टुलावर बसला होता. समोर कपड्यांची बादली, हातात दात घासायचा जुना ब्रश. पाण्याची वाफ येत होती आणि वर रंगाचे पापुद्रे तरंगत होते. जुन्या धोतरावर एका ओळीत धुतलेले सैनिक वाळत होते, हिरवे आणि राखाडी.

"ये, ये," तो म्हणाला. "बघ कसे निघालेत! अगदी तसेच आहेत अजून."

इतका आनंदात तिने त्याला खूप वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ती बादलीपाशी खाली बसली. हात पाण्यात घातला. पाणी धुण्याच्या सोड्याने बुळबुळीत लागत होतं. तळाशी अजून काही सैनिक होते. तिने चाचपून एक बाहेर काढला, तर त्याचा रंग तिच्या मुठीतच राहिला. पाण्यावर एक पापुद्रा तरंगत होता. त्यावर अर्धा गाल, एक डोळा आणि ओठांची कड शाबूत होती. तिने तो बोटाने उचलायला पाहिला, आणि त्याची घडी पडून तो काळपट ठिपका झाला.

"दादा, मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं?" त्याला खरंच कळलं नाही. "माझेच तर आहेत. सुमंत म्हणाला, रंग लावला की जुन्या वस्तूचा जीव जातो. मूळ रंगात पाहिजेत. आणि पाण्याने निघतो हे तूच तर काल सांगितलंस."

त्याने ब्रश खाली ठेवला. तुला रंगवायची हौसच असेल तर पुण्याहून नवे पाठवतो, हवे तेवढे रंगव, असं तो म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. मग मृणालिनीने त्याला सांगितलं. मुगलसरायचा फलाट, चहाच्या किटल्या, खिडक्यांतले चेहरे. हे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती आणि तिला शब्द सापडत नव्हते. मध्येच ती हिंदीत बोलायला लागली, जशी ती वर्गात मुलींशी बोलायची. श्रीनिवासने सगळं ऐकून घेतलं. ओले हात पंचाला पुसले.

"मृणा, पंचवीस वर्षं झाली त्याला," तो म्हणाला. "चहा देताना घडीभर पाहिलेली माणसं. ती तशीच दिसत होती हे तरी कशावरून? तुझ्या मनाने घेतलं असेल."

त्याने बादली उचलली आणि पाणी मोरीत ओतलं. पापुद्रे जाळीवर अडकले, तर त्याने वर आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

संध्याकाळी ती स्वयंपाक करत होती. पलंगावरून पद्माबाईंनी विचारलं की तोंड का असं झालंय. मृणालिनीने दोन वाक्यांत सांगितलं. पद्माबाईंना नवल वाटलं. त्याचंच सामान होतं, त्यानं साफ केलं, त्यात एवढं परेशान व्हायचं काय, असं त्या म्हणाल्या. तो चार दिवसांसाठी आलाय, त्याचं मन खट्टू करू नको, डॉक्टरांनी त्याला त्रास करून घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय. मृणालिनी पोळ्या लाटत राहिली. त्याला मऊ आवडायची, म्हणून तिने कणीक पुन्हा तेलाचा हात लावून मळली.

मधुरा ओट्याशी येऊन उभी राहिली. तिने कोथिंबीर निवडायला घेतली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, आधी विचारा म्हणून."

"मग?"

"मग काय. तुम्हाला माहीत आहेत ते."

मृणालिनीने पोळी तव्यावर टाकली. "वहिनी, पाण्यात सोडा पडला होता. फळीवरच्या मागच्या डब्यात असतो तो. दादाला घरात मीठ कुठे आहे ते माहीत नाही."

मधुराचे हात थांबले. मग कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून तिने केराच्या डब्यात टाकल्या आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. गुरुजी आले, श्रीनिवासने पिंड ठेवले, वडिलांचं नाव घेताना त्याचा आवाज भरून आला. सगळा स्वयंपाक मृणालिनीने केला होता. वडिलांच्या शेवटच्या आजारात वर्षभर त्यांचं हगणं-मुतणं तिने काढलं होतं. पण पिंड ठेवायच्या वेळी तिने बाजूला बसायचं असतं, म्हणून ती बाजूला बसली. निघताना श्रीनिवासने सैनिक एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बॅगेत भरले. पाय तुटलेले, बंदुका मोडलेले तेवढे त्याने डब्यातच ठेवले.

"हे राहू देत तुझ्याकडे," तो म्हणाला. "हे काय तिथे मांडता यायचे नाहीत."

ते गेल्यावर एका रविवारी मृणालिनीने त्या मोडक्यांतला एक घेतला. गोंदाचा हात दिला, वाळू दिला, गव्हाळ रंग दिला. मग सुई घेऊन डोळ्यांपाशी आली आणि थांबली. तिने डोळे मिटून पाहिलं. फलाट आठवला, किटलीचा गरम कान आठवला, गाडी सुटतानाचा गलका आठवला. खिडकीत मात्र कोणी नव्हतं. तिने तरीही डोळे काढले. झाल्यावर पाहिलं तर तो चेहरा शाळेच्या चपराशाचा होता. ती चूक नव्हती. चपराशी रोज डोळ्यांसमोर असायचा, म्हणून तोच आला. तिला कळून चुकलं की ती दहा वर्षं चेहरे नुसते रंगवत नव्हती, मनातून काढून तिथे नेऊन ठेवत होती, आणि मनातली जागा रिकामी होत गेली होती. ब्रश आणि रंग तिने शाळेच्या चित्रकलेच्या बाईंना देऊन टाकले.

त्यानंतर तिच्यात आणि आईत भांडण असं काही झालं नाही. ती पद्माबाईंना वेळेवर औषध द्यायची, अंघोळ घालायची, सणाला पुरण घालायची. फक्त बोलायची कमी. पद्माबाई शेजाऱ्यांना सांगत, की वय झालं की शिक्षिका अशाच होतात. श्रीनिवासचा फोन खाली विष्णूच्या पीसीओवर यायचा. आईला जिना उतरवून फोनपर्यंत नेणं, बोलणं होईपर्यंत उभं राहणं आणि पुन्हा वर आणणं तिच्याकडेच होतं. फोन ठेवताना तो नेहमी विचारायचा की मृणा कशी आहे, आणि पद्माबाई तिच्याकडे बघत सांगायच्या की बरी आहे.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात श्रीनिवासच्या मुलाचं, शार्दूलचं, लग्न ठरलं. पद्माबाईंना एवढा प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी शेजारच्या बायकांच्या भरवशावर राहायचं ठरवून मृणालिनीला जायला लावलं. एकुलती आत्या गेली नाही तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये शिरताच समोर काचेचं कपाट होतं. आत लहान दिवे लावले होते. हिरवे एका फळीवर, राखाडी दुसऱ्या फळीवर, समोरासमोर लढाईला उभे. लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. सुमंतही आला होता. गोरा, बारीक, बोलायला मऊ माणूस. श्रीनिवास व्याह्यांना कपाटापाशी घेऊन गेला आणि सांगू लागला की हे पंचावन्नच्या सुमाराला वडिलांनी कलकत्त्याहून मागवलेले, मध्ये कोणीतरी यांना रंग फासून ठेवला होता, एक अख्खा दिवस घालवून मी स्वतःच्या हाताने यांना वाचवलं. मृणालिनी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. कोणीतरी म्हणजे कोण, असं व्याह्यांनी विचारलं नाही, आणि श्रीनिवासने सांगितलं नाही. त्याला तिला दुखवायचं नव्हतं. पाहुण्यांसमोर बहिणीची चूक झाकावी एवढाच त्याचा हेतू होता. हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तेच जास्त लागलं.

सुमंतने कप घेतला. कपाटाशी वाकून पाहत तो म्हणाला, सगळे निर्मळ निघालेत, फक्त या सरपटणाऱ्याच्या कानामागे थोडासा रंग राहिलाय बघ. श्रीनिवासने चष्मा लावला. त्याला दिसेना.

मृणालिनीला दिसला. गव्हाळ रंगाचा ठिपका, मोहरीएवढाही नाही. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि भावाला कपाट उघडायला सांगितलं. तो जरा घुटमळला, मग त्याने किल्ली फिरवली. तिने सैनिक हातात घेतला. याचा चेहरा कोणाचा होता, ते तिला आठवलं नाही. मग तिने केसांतली पिन काढली आणि तिच्या टोकाने कानामागचा रंग खरवडून काढला. अंगठा लाळेने ओला करून ती जागा पुसली, आणि सैनिक भावाच्या हातावर ठेवला.

"आता साफ झाला," ती म्हणाली.

"बघा," श्रीनिवास व्याह्यांना म्हणाला, "पन्नाशी आली तरी हिची नजर अजून कशी बारीक आहे." त्याने सैनिक ओळीत परत ठेवला, काच लावली आणि सगळ्यांना आत जेवायला चला म्हणाला. मृणालिनीने रिकामे कप गोळा केले.